सरड्याचा दगड

एकाहत्तर वर्षांच्या माणसाने भर दुपारी कातळावर पोटाने लोळावं, हे कुठल्या घरात शोभतं ते मला कोणीतरी सांगावं. आमच्या ह्यांना सांगून मी दमले. डोक्याला ओला टॉवेल, गळ्यात बाबलीने दिलेला कॅमेरा, पायात चपला असल्या तर असल्या, नसल्या तर नसल्या. सकाळची पेज पोटात गेली की हा माणूस मागच्या दाराने चोरासारखा निघतो आणि परसातून सड्यावर चढतो. दोनला खाली येतो तेव्हा शर्टाची पुढची बाजू तांबडी. ती धूळ साबणाने जात नाही. जात नाही म्हणजे नाही, धुते मी, म्हणून मला ठाऊक. चपला तर ह्या उन्हाळ्यात तीनदा वर विसरल्या. तापल्या कातळावरून अनवाणी खाली यायचं आणि परसात येऊन कोंबडीसारखं एकेक पाय उचलत नाचायचं.

आणि कशासाठी? तर सरड्यासाठी.

आमचं घर इब्रामपूरला, डोंगराच्या पायथ्याशी. डोंगराचा माथा सपाट आहे, त्याला आम्ही सडा म्हणतो. पावसात तिथे गवत आणि फुलं, पण मार्चनंतर बघाल तर तांबडा कातळ, भोकाभोकांचे सुटे दगड आणि करपलेल्या काड्या. झाड नावाला नाही. अकरानंतर तिथे गुरंसुद्धा थांबत नाहीत. आमचे हे थांबतात.

ह्यांनी चौतीस वर्षं साखळी-पणजी रस्त्यावर बस चालवली. नजर अशी की रस्त्यात कोंबडी उतरायच्या आधी ह्यांचा पाय ब्रेकवर. घरी बसल्यावर त्या नजरेला काम उरलं नाही. मुळगावचा बाबली हा ह्यांचा जुना मित्र, डिचोलीत त्याचा फोटोचा स्टुडिओ होता. आता जो तो मोबाइलवर फोटो काढतो, म्हणून त्याने शटर ओढलं आणि एक कॅमेरा ह्यांच्या गळ्यात घातला. पहिले आठ दिवस ह्यांनी माझे फोटो काढले. मी नारळ सोलताना, मी भांडी घासताना, मी कोंबड्यांना शिव्या देताना. मी म्हटलं, "आणखी एक काढलात तर कॅमेरो बावडीत." तेव्हा कोंबड्यांवर गेले.

मग गौरेशने, म्हणजे आमच्या मुलाने, त्याचा जुना मोबाइल ह्यांना दिला. त्यावर ह्यांना राजस्थानचं वाळवंट सापडलं. वाळवंटातले सरडे बघायला लोक कुठून कुठून जातात म्हणे, वाळूत पालथे पडतात, दोन-दोन तास हलत नाहीत, का तर एक फोटो मिळावा. हे मला स्वयंपाकघरातून हाक मारायचे.

"गो, हय ये. हेची शेपटी बघ. काटेरी! बिळात शिरलो की शेपटेन दार बंद करता. आणि ह्या दुसऱ्याचो गळो बघ, पंखोच!"

मी म्हणायची, "पाली बघूक राजस्थानात कित्याक जाऊक होया? आमच्या न्हाणयेत धा आसत."

सगळा हिवाळा तेच. वाळवंट, सरडा, वाळवंट, सरडा. आणि एप्रिलच्या सुरुवातीला एक दिवस हे सड्यावरून धापा टाकत खाली आले. तोंड लाल, डोळे चमकतायत.

"आपल्या सड्यार आसा गो! तसोच!"

"कोण?"

"सरडो. बोटाएवढो. रंग धुळीचो, बसलो तर दिसणां नाय. पण दगडार चढता आणि गळ्याखालची कातडी अशी उघडता, पंख्यासारकी. निळी, मधी काळी, कडेक नारिंगी. उघडता, मिटता. उघडता, मिटता."

"फोटो?"

फोटोत एक दगड होता आणि आभाळाचा एक कोपरा. सरडा नव्हता.

अठ्ठेचाळीस वर्षं मी ह्या गावात आहे. सड्यावर गवत कापलं, गुरं हाकली, शेणी वेचल्या. सरडे खूप बघितले. पंख्याचा नाही बघितला. मी जेवायला वाढलं. पण दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. फोटोत दगड. रविवारी गौरेश आणि सून क्षमा साखळीहून आली, तर ह्यांनी त्यांनाही पंख्याचं सांगितलं, हाताने उघडमीट करून दाखवलं. गौरेश माझ्याकडे बघायला लागला. मग मला परसात नेऊन हळू आवाजात म्हणाला, "आई, बाबा मोबाइलातलो सरडो सड्यार बघतत."

मी त्याला म्हटलं, "गप ऱ्हव." पण रात्रीची भाजी मी त्या दिवशी दोनदा मिठाची केली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी सोडून दिलं असतं. माणसाला म्हातारपणी एक छंद लागतो. दारूपेक्षा सरडा बरा. पण मग दगड सुरू झाले.

एका दुपारी हे आले ते सरळ पायरीवर बसले. पाणी दिलं, पाणी पिऊन म्हणाले, "गो, दगड नाय."

"खंयचो दगड?"

"तो बसता तो. काल होतो, आज नाय."

"सड्यार दगड नाय? मगे काय आसा, वांगी?"

हसले नाहीत. दोन दिवसांनी पुन्हा तेच: सरड्याने दुसरा दगड धरला होता, तोही गेला. पुढच्या आठवड्यात तिसरा. "दगड हलतत," असं हे म्हणाले. शांतपणे म्हणाले, जसं कोणी सांगावं की आज बस उशिरा आहे.

तेव्हा मी घाबरले. का ते सांगते.

ह्यांचे थोरले भाऊ गोकुळदास. तेही ह्यांच्यासारखेच, धडधाकट, विनोदी, पानाच्या डब्याशिवाय न बसणारे. ते एक दिवस परसातून आले आणि म्हणाले, बावडी कोणी हलवली? आम्ही हसलो. मी सगळ्यांत जास्त हसले, हे मला आजही टोचतं. दोन वर्षांत त्यांनी माझ्याच स्वयंपाकघरात मला विचारलं, "बाये, हे कोणाचं घर?" शेवटी शेवटी ते दारात पिशवी घेऊन बसायचे, घरी जायची बस कधी येते म्हणून. घरातच बसून. त्यांना भरवलं मी, धुतलं मी. बावडी हलली इथून ते सुरू झालं होतं. आणि आता दगड हलत होते.

गौरेशलाही ते आठवत होतं, तो तेव्हा शाळेत होता. पुढच्या रविवारी तो ठरवूनच आला. शुक्रवारी पणजीला अशा दुखण्याच्या डॉक्टरकडे जायचं, आणि तिथून सरळ साखळीला त्यांच्या फ्लॅटमध्ये.

"हय सड्यार एकटे भर दुपारी फिरतले, खंय चक्कर येऊन पडले तर कोणाक कळतला?" गौरेश म्हणाला. "दुसऱ्या माळ्यावर खोली रिकामी आसा. आई, तू पण ये."

क्षमा म्हणाली, "मांय, बाबांना तिथे बरं वाटेल. खाली बाग आहे."

ती बाग मी बघितली आहे. तीन कुंड्या आणि एक बाक.

हे पान लावत होते. मान वर न करता म्हणाले, "मी येवचंय नाय."

"बाबा..."

"सरड्याचो फोटो काढल्याशिवाय मी खंय येवचंय नाय."

क्षमाने गौरेशकडे बघितलं, गौरेशने माझ्याकडे. आम्हा मायलेकांना तेच गोकुळदास दिसले असणार. मी उठले आणि कोंबड्यांवर ओरडायला बाहेर गेले, त्यांनी काहीही केलेलं नसताना.

तो सगळा आठवडा मी एकच विचार करत होते: दगड खरंच कोणी हलवत असेल तर किती बरं. कोणी उनाड, कोणी चिरे फोडणारा, भूत म्हणाल तर भूत. दगड हलले असतील तर डोकं हललेलं नाही. पण सड्यावर ह्यांच्याशिवाय जातं कोण? मी जाते, पण मी सकाळी जाते, माझ्या कामाला.

माझं काम म्हणजे सोलं, आमसुलं. माझ्या माहेरी दोडामार्गला रातांबे म्हणतात, इथे भिरंडं. एप्रिल-मेमध्ये ती पिकतात. बिया काढायच्या, साल मिठाच्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा उन्हात. असं सहा-सात दिवस केलं की काळीभोर सोलं होतात. माझी सोलं साखळीपर्यंत नावाजलेली आहेत, विचारा कोणालाही. दर वर्षी मी ती घरच्या गच्चीवर घालायची. पण गौरेशने औंदा पाऊस गळतो म्हणून गच्चीवर पत्रे घातले, मला न विचारता, आणि माझं ऊन गेलं. म्हणून मी सड्याच्या पश्चिम टोकाला, जिथे आमच्या राखणदाराचा, गाव राखणाऱ्या देवाचा, दगड आहे, तिथे निळं प्लास्टिक अंथरून सोलं घालू लागले. सकाळी सातला जायचं, घालायची, साडेआठला खाली. संध्याकाळी पाचला जाऊन गोळा करायची. हे वर जातात ते परसाकडून, पूर्वेच्या बाजूने, आणि दुपारी. आमची वर गाठ कधी पडली नाही.

बुधवारी सकाळी सोलं घालून झाल्यावर मी राखणदारासमोर उभी राहिले. देवाला मी फार त्रास देत नाही. मागते तेव्हा मोठ्याने मागते आणि नीट मागते.

"राखणदारा," मी म्हटलं, "माझ्या घोवाच्या वाटेतले दगड कोण हलयता? देव असो, भूत असो, माणूस असो, तेका भर दुपारच्या उन्हात उभो कर. घामान न्हाणव. पाय हलवूक देऊ नको. आणि तेका माझ्या डोळ्यांक दाखव. तुका नारळ देतंय."

असं सांगून मी खाली आले आणि मला जरा हलकं वाटलं.

गुरुवारी, म्हणजे डॉक्टरच्या आदल्या दिवशी, पेज झाल्यावर हे टॉवेल ओला करायला लागले. मी म्हटलं, "मी पण येतंय."

ह्यांनी असं बघितलं की जणू बसमध्ये कोणी म्हशीचं तिकीट मागितलं. "तू? आणि जेवण?"

"जेवण झाला. चला. तुमचो सरडो बघूक कोणीतरी शाण्या माणसान येवक होया."

चढायला लागलो. हे पुढे, मी मागे. चपला घालायला लावल्या होत्या मी, पण वर पोचल्यावर ह्यांनी त्या एका दगडापाशी काढून ठेवल्या. आवाज होतो म्हणे. अकरा वाजून गेले होते. कातळातून वाफ येत होती, लांबचं सगळं पाण्यासारखं हलत होतं. मला वाटलं, ह्या उन्हात मलासुद्धा दगड चालताना दिसतील.

सड्याच्या मधोमध हे थांबले. बसले. बोटाने एक जागा दाखवली. कातळात एक कोरडा खळगा, त्यात चार काड्या आणि दगडाच्या बुडाएवढा गडद डाग.

"हय होतो. काल."

मी वाकून डाग बघितला, मग ह्यांच्याकडे बघितलं.

"तुका खोटा वाटता. माकाच खोटा वाटता आता." ह्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. "म्हणान काल मी तेच्यार खूण केलंय. कोणाक सांगूक नाय. सांगितला असता तर दगडाक चुनो फासता म्हणून आणखी एक खूळ झाला असता."

"खंयची खूण?"

"पानाचो चुनो. एक बोट. दगडाच्या माथ्यार."

आता सांगते ते नीट वाचा, कारण मी हे दुसऱ्यांदा लिहिणार नाही.

त्याच सकाळी वारा होता. प्लास्टिक उडत होतं, सोलं सांडायला लागली होती. मी पाटी घेऊन सड्याच्या मधोमधपर्यंत गेले होते आणि चार चांगले, उभट, वजनदार दगड उचलून आणले होते. रोजच थोडे आणायची, गेले तीन आठवडे, सोलं वाढत होती तसं प्लास्टिकही वाढत होतं. जवळचे सगळे चपटे आणि हलके. त्यातल्या एकाच्या माथ्यावर पांढरा ठिपका होता. मी म्हटलं, शिरां पडो त्या पाखराच्या, खंय घाण करता बघ. आणि सोलांना लागू नये म्हणून तो दगड उलटा करून प्लास्टिकच्या कोपऱ्यावर ठेवला.

दगड हलवते असं माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. मी दगड हलवत नव्हते. मी सोलांवर वजन ठेवत होते. लाकडं आणताना माणूस म्हणतो का, की मी जंगल हलवतो?

भर दुपारच्या उन्हात मी उभी होते. कपाळावरून, मानेवरून, पाठीवरून घामाच्या धारा. पाय उचलेना. राखणदार तिकडे टोकाला, शेंदूर लावून, गप्प. नारळाचं कबूल करून मी स्वतःलाच पकडून घेतलं होतं.

"काय झाला गो?" हे म्हणाले. "पांढरी पडलंस."

"काय नाय. सोलां बघून येतंय."

"आता? उन्हात?"

"सोलां उन्हातच असतत."

मी चालू लागले. मनात म्हटलं, दगड गुपचूप सरळ करीन, कुठेतरी मध्ये नेऊन ठेवीन, हे म्हणतील सापडला, आणि कोणाला काही कळायचं नाही. मी, आनंदीने, चूक केली असं ह्या घरात अजून कोणी म्हटलेलं नाही. म्हणायला सुरुवात आजच का करावी? मागून ह्यांच्या अनवाणी पावलांचा आवाज आला. माझ्या मागोमाग येत होते. मी पावलं जोरात टाकली.

निळं प्लास्टिक दिसलं. लाल ओली सोलं चमकत होती. कोपऱ्यावर तो दगड. आणि दगडावर काहीतरी हललं.

मी थांबले. आधी काहीच दिसेना. मग धुळीच्या रंगाचं एक बोट दिसलं, पुढचे पाय ताठ करून मान उंचावून बसलेलं. एवढासा जीव, पण ताठा असा की गावच्या खोताला नसेल. त्याने मान खाली-वर केली. आणि गळ्याखालून उघडलं.

मोराच्या मानेचा निळा. मध्ये काजळ ओढावं तसा काळा पट्टा. आणि कडेला अबोली, अगदी केसात माळलेल्या ताज्या अबोलीच्या वळेसराचा रंग. उन्ह आरपार जात होतं त्यातून. उघडलं, मिटलं. उघडलं, मिटलं.

ह्यांनी सांगितलं होतं अगदी तसं. एक रंग कमी नाही, एक जास्त नाही.

माझ्या छातीवरून कोणीतरी दळायची घिरट काढून बाजूला ठेवावी तसं झालं. बावडी नाही हलली, हे मला कळलं. तिथल्या तिथे रडू आलं असतं, पण रडायला वेळ कुठे होता? हे मागून दाणदाण चालत येत होते.

मी मान न वळवता, ओठातल्या ओठात म्हटलं, "थांबा."

थांबले.

"लोळा."

"काय?"

"पोटार लोळा! माझ्या निळ्या प्लास्टिकाच्या उजव्या कोपऱ्यार. दगडार. बसलो आसा."

पुढे काय झालं ते मी बघितलं नाही, कारण मला हलायचं नव्हतं. मी हलले असते तर माझी सावली दगडावर पडली असती. मागे कपडा घासल्याचा आवाज आला, गुडघा टेकल्याचा, एक "आय गे" आणि मग काहीच नाही. मी एक पाय पुढे, एक पाय मागे, अशी त्या उन्हात उभी. घाम डोळ्यांत जातोय, पुसता येत नाही. माशी नाकावर बसली, बसू दिली. राखणदाराने माझं एक अक्षर फुकट घालवलं नाही.

"दिसता?" मी पुटपुटले.

"उन्ह येता डोळ्यार... दगड दिसता... खंय गो?"

"दगडाच्या माथ्यार. सोलांच्या बाजून तोंड. थांबा, आता मिटलोहा. आता उघडतलो. मान हलयल्यान... आता!"

कॅमेऱ्याचा आवाज आला. टक, टक, टक, टक. सरडा पुन्हा उघडला. पुन्हा टक टक. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, मागच्या दोन पायांवर उभा राहिला आणि माणसासारखा पळाला, काड्यांमध्ये नाहीसा झाला.

मी पाय सोडून खालीच बसले. हे तसेच पालथे, कोपरावर, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर डोळे. दाढीला तांबडी धूळ. एकेक फोटो मागे-पुढे करून बघितला. मग कॅमेरा माझ्याकडे सरकवला. सरडा, उघडा पंखा, प्रत्येक रंग. आणि मागे माझी सोलं, लालबुंद.

मला गप्प बसता आलं असतं. फोटो मिळाला होता, सरडा खरा ठरला होता. दगडाचं कोणी विचारलं नसतं. पण ह्यांच्या मनात दगड हलतच राहिले असते. मी उठले, कोपऱ्यापाशी गेले आणि तो दगड उलटा केला. खाली पांढरा ठिपका. एक बोट चुना.

ह्यांनी ठिपक्याकडे बघितलं. मग प्लास्टिकवरच्या बाकीच्या दगडांकडे. मग माझ्याकडे.

"तू?"

"मी. आधीचे पण मीच. रोज सकाळी. वजनाक."

मी तयार होते. ओरडतील, हसतील, जन्मभर ऐकवतील. हे पुढे झाले. ठिपक्यावर बोट ठेवून बसले.

"म्हणजे मी..." ह्यांनी चुना नखाने खरवडला. "म्हणजे मी गोकुळदासासारखो नाय."

त्या घटकेपर्यंत मला वाटत होतं की ती भीती माझी आणि गौरेशची आहे. हे आपले पान लावतायत, हट्ट करतायत, सरड्याचा फोटो सरड्यासाठी मागतायत. तसं नव्हतं. रोज भर दुपारी हा माणूस वर येऊन पालथा पडत होता तो स्वतःचं डोकं तपासायला. आणि मी शर्टाच्या डागांवरून भांडत होते.

"नाय," मी म्हटलं. "तुमी तुमच्यासारकेच. तेवढाच पुरे आसा माका."

मग हे हसले. पोटावर पडलेला माणूस हसतो तेव्हा फार विचित्र दिसतो. "शंभर हातांवरची कोंबडी दिसायची माका," हे म्हणाले, "आणि तीन आठवडे घरातली चोरीण दिसूक नाय!"

"चोरीण कोणाक म्हणतास? दगड काय तुमच्या बापाशीचे?"

शुक्रवारी सकाळी गौरेश आणि क्षमा आली. मी त्यांना बसवलं, चहा दिला, पावाचे तुकडे समोर ठेवले, आणि ह्यांनी तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं. असली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून जाण्यापेक्षा आपल्या तोंडून गेलेली बरी.

"दगड हलत होते. मीच हलयत होतंय. सोलांसाठी."

क्षमाचा पाव चहात पडला. "मांय, तुम्ही?"

"होय, मी. लिहून देऊ? आणि सोलां सड्यार कित्याक? तर गच्चीर पत्रे घातले म्हणून. पत्रे कोणी घातले तो हयच बसलोहा."

गौरेशने कॅमेरा हातात घेतला. फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. बापाकडे बघितलं आणि मान खाली घातली. "बाबा, मी समजलंय..."

"तू समजलंस तो मी पण समजलंय," हे म्हणाले. "चल, डॉक्टराकडे जाऊन येऊ. आता मी कोणाक भिणंय नाय."

आणि गेले. स्वतःहून गाडीत बसले. फक्त चपला सापडेनात, म्हणून गौरेशच्या गाडीतल्या जादा चपला घालून गेले, एक माप मोठ्या.

ते गेल्यावर मी नारळ घेऊन वर गेले. राखणदाराला नारळ दिला आणि म्हटलं, पोचलो तुझो न्याय, आता माझो हात सोड. सगळे दगड एकेक करून मध्ये नेऊन ठेवले, जिथे जिथे गडद डाग दिसले तिथे तिथे. सोलांवर आता घरचे चिऱ्याचे तुकडे ठेवते. खाली येता येता बाबलीचा फोन आला, ह्यांनी गाडीतूनच त्याला फोटो पाठवला होता. "वैनी, सरडो बरो आसा, पण सोलां काय सुंदर आयल्यांत! माका किलोभर ठेव."

चार वाजता गाडी आली. डॉक्टरांनी तासभर प्रश्न विचारले, चित्रं काढायला लावली, आकडे उलटे मोजायला लावले. काही नाही म्हणाले. वयाचा विसर आहे तो सगळ्यांना असतो, चष्म्याचा नंबर मात्र बदला, आणि उन्हात टोपी घाला. साखळीचं कोणी काढलं नाही. क्षमाने तर मला विचारलं, एखाद्या रविवारी तिलाही वर न्याल का म्हणून. नेईन म्हटलं, पण पोटावर लोळावं लागेल.

हे गाडीतून उतरले. गौरेशच्या चपला काढून त्याच्या पायांशी ठेवल्या, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि सरळ मागच्या दाराकडे निघाले. अनवाणी. उन्ह अजून उतरलं नव्हतं. गौरेश काही बोलणार होता, मी त्याला हाताने गप्प केलं आणि उंबऱ्यात जाऊन उभी राहिले.

"आयकलात?" मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुमचा डोका जाग्यार आसा. अठ्ठेचाळीस वर्षां झाली, हललेला नाय, सुधारलेला पण नाय. चपलो मात्र कालपासून वयर सड्यार आसत. आधी त्यो हाडा, मगे सरडो."